चुकलं तर? तुर्भ्याला उतरता येतं

प्रश्न आधी थोडक्यात सांगतो म्हणजे बाकीच्यांना संदर्भ लागेल. ऐरोलीत राहणाऱ्या, आयटीत काम करणाऱ्या ३१ वर्षांच्या एका ताईंनी लिहिलंय की ऑफिसचा साधा मेल सेंड करायच्या आधी दहा वेळा वाचते, सकाळी अथर्वशीर्ष म्हणताना एक उच्चार घसरल्यासारखा वाटला की परत पहिल्यापासून सुरू, त्यात लेट मार्क लागतात, दोन चांगली स्थळं 'निर्णय चुकला तर' म्हणून लटकवून ठेवलीयेत. मन शांत व्हावं म्हणून तत्त्वज्ञान वाचायला घेतलं तर तिथेही तेच, देव मानला आणि नसला तर मूर्ख ठरणार, नाही मानला आणि असला तर मेलेच. आता पुढच्या महिन्यात घरी सत्यनारायण आहे, आई म्हणते यंदा पूजेला तू बस, आणि ह्यांना आत्तापासून घाम फुटलाय. बसू की नको?

मी ठाण्याच्या नौपाड्यात काउन्सेलिंग करतो, २३ वर्षं झाली. त्याआधी तत्त्वज्ञानात एम.ए. केलेलं, जे ऐकून वडील म्हणाले होते की आता खाणार काय. म्हणजे तुमच्या प्रश्नात माझे दोन्ही धंदे आले, त्यामुळे लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

तुम्हाला वाटतंय तुम्ही चार प्रश्न विचारलेत, मेलचा, मंत्राचा, स्थळाचा आणि देवाचा. मला एकच दिसतो. चारही ठिकाणी तुम्ही पाऊल उचलायच्या आधी गॅरंटी मागताय, आणि गॅरंटी मिळत नाही तोवर थांबलं म्हणजे आपण सेफ आहोत असं धरून चालताय. थांबण्याचं बिल कुणी लावतच नाही ना, म्हणून ते फुकट वाटतं. लेट मार्क हे त्याचंच बिल आहे. त्या दोन स्थळांपैकी एकाचं एव्हाना जमलंही असेल कुठेतरी, तेही त्याच खात्यात.

ह्यावर तत्त्वज्ञानात एक जुनं भांडण आहे आणि ते मला क्लायंट्सना सांगायला फार आवडतं. १८७७ साली विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञाने श्रद्धेच्या नीतीवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं, मालकाला आतून माहितीये, पण खर्च नको म्हणून तो स्वतःची समजूत घालतो की एवढ्या सफरी केल्या तशी ही पण करेल, आणि परमुलखात कायमची राहायला निघालेली कुटुंबं भरून जहाज सोडतो. जहाज बुडतं, हा विम्याचे पैसे घेऊन गप्प बसतो. क्लिफर्ड म्हणतो की जहाज सुखरूप पोचलं असतं तरी हा माणूस तेवढाच दोषी, कारण हाताशी होता तेवढ्या पुराव्यावर जहाज ठीक आहे असं मानायचा त्याला हक्कच नव्हता. इथपर्यंत कोणालाही पटेल. पण मग तो हाच नियम सगळ्यांना, सगळीकडे, कायम लावतो, अपुऱ्या पुराव्यावर काहीही मानणं चूकच. (हा गृहस्थ स्वतः १८७० मध्ये सूर्यग्रहण बघायच्या मोहिमेत सिसिलीजवळ जहाज फुटून त्यातून वाचलेला, तर जहाजच का सुचलं असेल ह्याचा अंदाज करता येतो.)

ह्याला उत्तर दिलं विल्यम जेम्स ह्या अमेरिकन तत्त्वज्ञाने, १८९६ मध्ये. जेम्स म्हणतो 'सत्य मिळव' आणि 'चूक टाळ' हे एकच हुकूम दोन शब्दांत सांगितलेत असं आपल्याला वाटतं, पण ते दोन वेगळे हुकूम आहेत आणि त्यांचं आपसात पटत नाही. चूक शंभर टक्के टाळायची तर काहीच मानू नका, झालं, एकही चूक होणार नाही, पण हाताला काही लागणारही नाही. त्याने सेनापतीची उपमा दिलीये, सैनिकांना सांगतोय की एक जखम होण्यापेक्षा लढाईपासून कायमचे लांब राहा. आणि हे सांगणारा माणूस काही बिनधास्त गडी नव्हता हो. अठ्ठाविशीत तो स्वतः महिनोन्महिने खचलेला होता, आणि १८७० च्या एप्रिलमध्ये त्याने डायरीत लिहिलं की मुक्त इच्छाशक्ती आहे असं मानणं हीच माझ्या मुक्त इच्छेची पहिली कृती. म्हणजे सिद्ध झालं म्हणून नाही मानलं, मानून बघतो म्हणाला.

माझं मत विचाराल तर दोघंही बरोबर आहेत, पण वेगवेगळ्या दुकानात. तुम्ही प्रॉडक्शनला रिलीज टाकता तेव्हा क्लिफर्ड व्हा, चेकलिस्ट, दुसऱ्याकडून रिव्ह्यू, बॅकअप, रोलबॅक, सगळं, कारण जहाजात दुसरी माणसं बसलीयेत. 'फाइल जोडली आहे, कृपया बघावी' ह्या मेलला कशाला हवाय क्लिफर्ड? फाइल जोडायची राहिली तर दोन मिनिटांनी परत पाठवाल, समोरचा हसेल, त्याच्याकडूनही गेल्या आठवड्यात राहिली होती. चुकायची भीती वाटणाऱ्या माणसाचं गणित इथेच बिघडतं. सगळ्या चुका एकाच मापाच्या दिसायला लागतात, स्वल्पविराम आणि जहाज एकाच तराजूत.

तुम्ही ऐरोलीच्या म्हणजे ट्रान्सहार्बर लोकलवाल्या, ठाण्याहून येणारी ही लाइन तुर्भ्यानंतर वाशी आणि पनवेल अशी दोन बाजूंना फुटते, तुम्हाला हे लगेच कळेल. नेरुळला जायचंय आणि गडबडीत वाशी गाडीत चढलात. किती मोठी चूक? तुर्भ्यापर्यंत तर चूकच नाही, रूळ एकच. तुर्भ्याला उतरून मागची पनवेल गाडी पकडा. तुर्भे पण झोपेत गेलं? सानपाड्याला उतरा, तिथे हार्बरची गाडी मिळते. म्हणजे दहा-पंधरा मिनिटांचं नुकसान आणि थोडी चिडचिड. पण समजा कोणी ऐरोलीच्या प्लॅटफॉर्मवर उभंच राहिलं, ही गाडी नक्की नेरुळचीच ना, इंडिकेटर चुकीचा असला तर, अनाउन्समेंट नीट ऐकली का, चौघांना विचारून परत पाचव्याला, तर त्या माणसाची एकही गाडी चुकणार नाही आणि तो एकाही गाडीत नसेल. म्हणून मी सगळ्यांना प्रश्न बदलायला सांगतो. 'चुकलं तर?' ह्याला उत्तरच नसतं, तो प्रश्न नुसता फिरत राहतो. 'चुकलं तर कुठे उतरायचं?' ह्याला बहुतेक वेळा उत्तर असतं, आणि जिथे खरंच नसतं तिथे डबल चेक करा, बिनधास्त करा.

आपल्याकडच्या तर्कशास्त्रात पण हा माणूस आहे बरं का, शंका घेत उभा राहिलेला. मिथिलेचे उदयनाचार्य, साधारण दहाव्या शतकाच्या शेवटचे, न्यायदर्शनातलं मोठं नाव. चार्वाक त्यांना म्हणतो की धूर दिसला म्हणून अग्नी आहे असं कशावरून, दुसऱ्या कुठल्या देशात, पुढच्या कुठल्या काळात अग्नीशिवाय धूर निघत असेल तर? उदयन म्हणतात 'व्याघातावधिराशङ्का', म्हणजे शंकेला हद्द असते, तुझं स्वतःचं वागणं तुझ्या शंकेच्या उलट जायला लागलं की तिथे ती संपली. पुढे त्याच न्यायदर्शनातल्या गंगेशाने हे अजून घरगुती करून सांगितलं, की धूर हवा असला की तू अग्नीच पेटवतोस, भूक लागली की अन्नच घेतोस, दुसऱ्याला काही सांगायचं असलं की शब्दच वापरतोस, मग शंका आहे कुठे? मधल्या काळात श्रीहर्ष ह्या अद्वैती पंडिताने उदयनांचाच श्लोक थोडे शब्द फिरवून त्यांच्यावर उलटवला होता, म्हणजे वाद काही मिटला नाही, पण त्या वादापायी कुणी चूल पेटवायचं थांबवल्याचं ऐकिवात नाही. तुम्ही रोज ऐरोलीहून लोकलने जाता ना? मोटरमनचं लायसन्स बघता का? म्हणजे गॅरंटीशिवाय जगायचं कसं हे तुम्हाला छान येतं, फक्त मेल आणि मंत्र दिसला की विसरायला होतं.

आता मंत्राकडे, कारण तुमचा खरा काटा तिथे आहे असं मला वाटतं. आजी म्हणायची, उच्चार चुकला तर उलटं फळ मिळतं, असं तुम्ही लिहिलंय. आजी काही मनचं सांगत नव्हती. ती गोष्ट फार जुनी आहे आणि पतंजलींच्या महाभाष्यात, म्हणजे व्याकरणावरच्या जुन्या ग्रंथात, तिचा उल्लेख आहे. त्वष्ट्याला इंद्राला मारणारा मुलगा हवा होता, 'इन्द्रशत्रु' ह्या शब्दावर आघात चुकीच्या जागी पडला, 'इंद्राला मारणारा' ह्याऐवजी 'ज्याला इंद्र मारेल तो' असा अर्थ झाला, आणि तो मुलगा, वृत्र, मेला. भीती बसायला एवढं पुरे. पण त्याच महाभाष्यात, त्याच पहिल्या आह्निकात म्हणजे प्रकरणात, दुसरीही गोष्ट आहे जी आज्या सांगत नाहीत. मोठे ज्ञानी ऋषी होते, बोलताना 'यद्वा नः तद्वा नः' म्हणायच्या जागी 'यर्वाण तर्वाण' म्हणायचे, लोकांनी त्यांचं नावच यर्वाण-तर्वाण पाडलं. यज्ञात मात्र नीट बोलायचे, म्हणून त्यांचं काही बिघडलं नाही. म्हणजे नियम कडक, पण कुठे कडक ते ठरलेलं.

आणि यज्ञात चूक झाली तर? त्याचीही सोय आहे. यज्ञात ब्रह्मा नावाचा एक ऋत्विज, म्हणजे पुरोहित, असतो ज्याचं मुख्य काम गप्प बसून लक्ष ठेवणं, आणि छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात सरळ सांगितलंय की ऋचेत चूक झाली तर 'भूः स्वाहा' म्हणून आहुती द्या, यजुसात झाली तर 'भुवः', सामात झाली तर 'स्वः'. तिथे उपमा सोनाराची आहे, क्षार घालून सोनं सांधतात तशी यज्ञातली फट सांधायची. तुम्ही घाबरता त्या परंपरेने चूक होणारच हे धरून डाग देणारा माणूस पगारावर ठेवलाय! आपल्या रोजच्या पूजेत त्याच्या जागी शेवटचा श्लोक आहे, 'मन्त्रहीनं क्रियाहीनं भक्तिहीनं सुरेश्वर, यत्पूजितं मया देव परिपूर्णं तदस्तु मे'. नीट बघा त्यात काय काय मोजलंय. मंत्र कमी पडला, क्रिया कमी पडली, एवढंच काय भक्ती पण कमी पडली, तरी पूर्ण करून घे. पूजा बिनचूक झाली तरी हा श्लोक म्हणतातच, ऑप्शनला नाहीये तो. ज्ञानेश्वरांनी सुद्धा पहिल्याच अध्यायात श्रोत्यांना विनवलंय, 'न्यून तें पुरतें, अधिक तें सरतें करूनि घेयावें', आणि तिकडे आपले वाणी वर्षानुवर्षं बिलाच्या खाली छापत आलेत, चूकभूल देणे घेणे. देवाचा, संताचा आणि वाण्याचा एकच व्यवहार.

ख्रिस्ती मंडळींनाही हा आजार चांगला ओळखीचा आहे, त्यांच्याकडे त्याला जे नाव आहे, 'स्क्रुपल्स', ते लॅटिनमधल्या बारीक टोकदार खड्यासाठीच्या शब्दावरून आलंय. चपलेत गेलेला खडा, नेमका तसाच. लॉयोलाचे इग्नेशियस, जेसुइट पंथ काढणारे, १५२२ मध्ये स्पेनमधल्या मनरेसाला होते, तेव्हा जुन्या पापांची कबुली देऊन झाली तरी काहीतरी सांगायचं राहिलं असं त्यांना वाटत राही, जीव द्यावा इथवर मजल गेली. त्यांच्या धर्मगुरूने सांगितलं की आता फक्त अगदी स्पष्ट असेल तेवढंच सांगा. झालं काय, ह्यांना सगळंच अगदी स्पष्ट वाटायला लागलं! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मोठ्याने हसलो, कारण ह्या नमुन्याचे क्लायंट माझ्याकडे दर महिन्याला येतात.

आणि इथे मला माझी एक चूक सांगायचीये, ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. सुरुवातीच्या वर्षांत एक मध्यमवयीन गृहस्थ यायचे, हिशेबाच्या कामातले. देवाबद्दल मनात वाईट विचार आला की त्यांना वाटे आता घरात काहीतरी होणार. रात्री फोन करायचे, सर हे पाप झालं का? मी प्रेमाने सांगायचो, नाही हो, विचार येतात, झोपा शांत. ते झोपायचे. मला वाटायचं किती छान काम चाललंय आपलं. महिन्याभरात एकाचे तीन फोन झाले, मग सात, मग माझ्या बायकोने विचारलं की ह्यांच्याकडून भाडं तरी घेतोस का. माझ्या सीनियर मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अरे तू उपचार करत नाहीयेस, तू त्याच्या जपातली एक माळ झालायस." अक्षरशः कान लाल झाले. दर वेळी मी 'काही होत नाही' म्हटलं की त्यांना तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि मेंदू शिकायचा की विचारलं म्हणून वाचलो, पुढच्या वेळी परत विचार. पुढच्या सेशनला मी त्यांना सांगितलं की माझं चुकलं, फोन बंद, आता आपण अवघड काम करू. चिडले, दोन आठवडे आलेच नाहीत. मग आले. आम्ही ठरवलं की प्रश्न आला की त्याला 'असेल बुवा पाप, बघू' एवढंच म्हणायचं आणि जेवायला बसायचं. पहिले काही दिवस हालत वाईट होती, पण दीडेक महिन्यात फरक दिसला.

ह्या पद्धतीला रीतसर नाव आहे, एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन, म्हणजे भीतीला सामोरं जायचं आणि नेहमीचा तोडगा करायचा नाही, १९६६ मध्ये लंडनच्या व्हिक्टर मायर ह्यांनी अशा केसेस मांडल्या आणि आजही पहिल्या पसंतीच्या उपचारांत तीच आहे. तुमच्या भाषेत सांगायचं तर मेल एकदा लिहा, एकदा वाचा, सेंड, आणि सेंट फोल्डर उघडायचा नाही. अथर्वशीर्ष एकदाच, उच्चार घसरला तरी गाडी पुढे, शेवटी क्षमेचा श्लोक एकदा आणि उठायचं. श्लोक अकरा वेळा म्हणालात तर तो पण तोडगा झाला, लक्षात ठेवा, कारण तुमच्यासारखी हुशार माणसं औषधाचं पण व्यसन करतात. घालमेल होणार. ती होऊ द्यायची, तेच तर काम आहे, थोड्या वेळाने ती आपसूक उतरते, आणि नाही उतरली तरी तुम्ही तोवर ऑफिसात पोचलेल्या असता.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ उपचारपद्धत तर ठाण्यात पुष्कळांना माहितीये, १९५५ पासून तो हेच सांगत होता की 'चूक झाली नाही तर बरं' ठीक आहे, 'चूक होताच कामा नये' हा हट्ट त्रास देतो. तो लोकांना मुद्दाम खजील व्हायला पाठवायचा, गाडीत स्टेशनांची नावं मोठ्याने ओरड वगैरे. मी त्याचं ठाणेकर व्हर्जन केलंय. क्लायंटला सांगतो, ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहून तीन जणांना विचार, ठाणे कुठे आहे हो? एक जण 'अहो हेच ठाणे' म्हणतो, दुसरा बघतो आणि पुढे जातो, तिसऱ्याच्या कानात हेडफोन. खजील होऊन मरण येत नाही हे कळायला एवढं पुरतं. तुम्ही एका मैत्रिणीला मेसेज करताना मुद्दाम एक ऱ्हस्व-दीर्घ चुकवून पाठवा, मराठी माणसाला ह्याहून कडक डोस नाही.

स्थळांचं मी ठरवणार नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच, की दोन-तीन भेटींत जेवढं कळायचं तेवढं कळतं, वीस भेटींनी गॅरंटी येत नाही, तेव्हा भेटींचा आकडा आधी ठरवा. आणि देवाचं, जेम्ससारखं करून बघा, तीन महिने एक बाजू धरून जगा, मग बघा आपण कसे वागतोय. नास्तिक बाजू धरलीत तरी चालेल, मी काही वाईट म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र चेष्टेने सांगत नाहीये. हे रोज तासाभराहून जास्त वेळ खात असेल, झोप-जेवण-नोकरी बिघडत असेल, तर हा स्वभाव म्हणून सोडू नका, तो ओसीडी, म्हणजे तीच शंका आणि तोच तोडगा परत परत करायला लावणारा आजार, असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञांना एकदा दाखवा. गोळ्या लागल्या तर ८ ते १२ आठवडे द्यावे लागतात परिणाम कळायला, आठवड्यात सोडून 'काही उपयोग नाही' म्हणू नका. टेली मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे सरकारचा, फुकट आहे, कधीही लावा, आणि जीव नकोसा वाटत असेल तर आजच लावा.

राहिला सत्यनारायण. बसा. त्या कथेचीच भीती वाटते ना, प्रसाद न घेता कलावती नवऱ्याला बघायला धावली आणि नवऱ्यासकट नाव बुडाली? हीच ती जागा जिथे सगळे ऐकायचं थांबतात, बहुतेक त्याच वेळी बाहेर चहाचे कप मोजायचे असतात. पुढे काय होतं? ती घरी जाते, प्रसाद घेते, परत येते, नाव वर, नवरा जिवंत. तुंगध्वज राजाचं पण तेच, प्रसाद टाकून गेला, सगळं गेलं, परत येऊन घेतला, सगळं मिळालं. गोष्ट पाहिजे तर भीतीची म्हणा, पण दोघांनाही परत फिरायला रस्ता ठेवलाय तिच्यात.

गुरुजींना आदल्या दिवशी फक्त एवढं सांगा की मी पहिल्यांदा बसतेय, थोडं सावकाश सांगा. हे एकदाच सांगायचं. पूजेत पाणी उजव्या हाताऐवजी डाव्याने सोडलंत तर ते हाताने खूण करतील, तुम्ही हात बदलाल, संपलं. रात्री आईला 'सगळं नीट झालं ना' असं विचारायचं नाही, जीभ चावा पण विचारू नका, तो तुमचा गृहपाठ. आणि सव्वाच्या मापाचा शिरा करणार असाल तर रवा भाजताना फोन बाजूला ठेवा, तिथे खरंच लक्ष द्या, करपलेला रवा परत आणता येत नाही.